मुहूर्त आणि काच

घरोघरी घड्याळे येण्यापूर्वी लग्नाची वेळ साधण्यासाठी मांडवात पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याचे घटिकापात्र सोडीत. तळाच्या सूक्ष्म छिद्रातून पाणी शिरून ते बुडाले म्हणजे चोवीस मिनिटांची एक घटका भरली असे धरून जोशीबुवा मंगलाष्टकांचा शेवट आणि अंतरपाट दूर होण्याचा क्षण ही दोन्ही एकत्र आणीत. इतक्या काटेकोरपणे राखलेला हा क्षण विवाहसंस्काराचा प्राण होय; आणि छायाचित्रणाची कला आपल्याकडे आल्यानंतर पुढे कित्येक दशके नेमका हाच क्षण तिच्या हाती लागत नव्हता, ही गोष्ट जुन्या तसबिरी पाहताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

पॅरिसमध्ये 1839 साली जाहीर झालेली ही विद्या मुंबईत फार लवकर रुजली. 1854 मध्ये मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली, तिच्या कारभारात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांचा वाटा होता, आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयाचा वर्ग निघून त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय व्यावसायिक तयार झाले. परंतु त्या काळी काचेवर रासायनिक द्रव्याचा लेप चढवून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे व लगेच धुवावे लागे. अशा सरंजामासह लग्नघरी जाणे म्हणजे एक अंधारी राहुटीच बरोबर नेणे होय, आणि हा खर्च संस्थानिक व सरदार यांच्यावाचून कोणास परवडणार? 1880 च्या सुमारास तयार कोरड्या काचा बाजारात आल्या, तेव्हा कोठे हा धंदा मध्यम स्थितीच्या गृहस्थाच्या आवाक्यात येऊ लागला. राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेस स्त्रियांसाठी खास पडदानशीन स्टुडिओ काढून तेथील कारभार एका स्त्रीकडे सोपविला होता. यावरून कुलीन घरातील वधूस परपुरुषाच्या यंत्रासमोर बसविणे हा त्या काळी केवढा नाजूक प्रश्न होता याची कल्पना यावी.

म्हणून लग्नाची तसबीर म्हणून ज्या जुन्या प्रतिमा आपण भिंतीवरून उतरवून पुसतो, त्या बहुधा लग्नाच्या नसतात. लग्न लागून, वरात निघून, देवदर्शन उरकल्यावर एखाद्या सोयीच्या सकाळी वधूवर पुन्हा शालू, शेला व मुंडावळ्या लेवून पेढीवर जात. उत्तरेच्या तावदानातून येणारा शांत प्रकाश, नाटकाच्या धर्तीवर महाल किंवा उद्यान रंगविलेला मागचा पडदा, मान हलू नये म्हणून पाठीमागे दडविलेला लोखंडी टेकू, आणि झाकण काढल्यापासून ते परत बसेपर्यंत श्वास रोखून धरण्याचा हुकूम, या सर्वांमुळे त्या चेहऱ्यांवर जो गंभीर भाव उमटला, त्यास पुढील पिढ्यांनी जुन्या माणसांचा करारीपणा समजावे हे स्वाभाविकच आहे. त्यातील पुष्कळसा करारीपणा टेकूचा होता.

याहून विलक्षण प्रकार रंगांचा होता. साध्या काचेला निळा प्रकाश तेवढा नीट दिसे. पिवळ्या व तांबड्या रंगांना ती जवळजवळ आंधळी असे. याचा परिणाम असा होई की, जी हळद अंगाला तेज यावे म्हणून सुवासिनींनी गाणी म्हणत लावलेली असे, तीच छापील चित्रात काळवंडून उतरे. कपाळीचे कुंकू काजळाच्या टिळ्यासारखे दिसे, आणि लाल शालूचा सारा थाट एका गडद डागात बुडून जाई. मग मेजावर तिरप्या बसविलेल्या काचेवर, खालून प्रकाश घेऊन, अणकुचीदार शिसपेन्सिलीने गालाचा, नाकाचा व हनुवटीचा एकेक ठिपका भरीत कारागीर तासन्‌तास बसे; काचेवर जेथे पेन्सिल फिरे, तेथे कागदावर चेहरा उजळे. रिटचिंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कामाचा उगम यंत्राच्या एका वैगुण्यात होता, परंतु लवकरच ते मुलीच्या बापाच्या चिंतेची चाकरी करू लागले. स्थळांकडे पाठविण्याच्या फोटोत वर्ण उजळ दिसावा अशी तजवीज करण्यास छायाचित्रकारास सांगण्यात येई, आणि वधूपरीक्षेच्या दिवशी फोटो व मुलगी यांत पडलेल्या अंतराची झळ अखेर त्या मुलीस सोसावी लागे. रसायनाचा दोष कालांतराने सुधारलेल्या काचांनी दूर केला. माणसांच्या दृष्टीतील दोष तेथेच राहिला, याचे मला फार वाईट वाटते.

छायाचित्रकार प्रत्यक्ष मांडवात शिरला तो मॅग्नेशियमच्या भुकटीच्या बळावर. 1887 मध्ये जर्मनीत निघालेली ही झगझगीत पूड लांब दांड्याच्या पत्र्यावर पसरून पेटविली म्हणजे क्षणभर दिवसासारखा उजेड पडे, आणि मागोमाग पांढऱ्या धुराचा लोट मंडपाच्या कनातीला जाऊन भिडे. त्या माणसाची अवस्था नीट डोळ्यांसमोर आणली पाहिजे. तिपाईवर लाकडी कॅमेरा, डोक्यावर काळे फडके, घासलेल्या काचेवर उलटे पडलेले वधूवर. ते स्पष्ट करून घेतल्यावर मागच्या बाजूस काचेचे घर सरकवायचे, आणि ते सरकवताच समोरचे चित्र त्यास दिसेनासे व्हायचे. यापुढे जे काही घडणार ते यंत्राच्या बाजूस उभे राहून नुसत्या डोळ्यांनी ताडायचे. हाती काच एकच. शेवटचे मंगलाष्टक चढत्या सुरात येते, वाजंत्रीवाले सनईला हात घालतात, आणि ज्या पळाची सर्वांनी वाट पाहिली त्याच पळी चारी दिशांनी अक्षता उडून, करवल्या व मामा मंडळी पुढे सरसावून, वधूवर पाठींच्या भिंतीआड नाहीसे होतात! भिंगावर तांदळाचे दाणे आपटत असताना पूड पेटवावी की न पेटवावी, हा निर्णय त्यास त्या पळीच घ्यावा लागे, आणि चुकल्यास दुरुस्तीस जागा नसे, कारण अंतरपाट पुन्हा धरा असे सांगण्याचा अधिकार कोणाच्याही हाती नाही.

माळा मात्र पुन्हा घालता येतात. येथूनच ती प्रथा निघाली असावी, जी आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे: गर्दी ओसरल्यावर छायाचित्रकाराने हात वर करावा, वधूने घातलेली माळ काढून पुन्हा वराच्या गळ्याशी धरावी, आणि दोघांनी यंत्राकडे पाहावे. काही आचार्यांना हा अधिक्षेप वाटला, आणि त्यांच्या रागात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही; होमासमोर बसलेल्या माणसाने अग्नीकडे पाठ करून भिंगाकडे पाहणे मलाही खुपते. तथापि त्या दुसऱ्या माळेमागे हौसेपेक्षा हातात एकच काच असलेल्या माणसाची निकड अधिक होती.

पुढे रीळ आले, 1930 च्या सुमारास काचेच्या फुग्यातील दिवा आला, छातीशी धरण्याचे दोन डोळ्यांचे कॅमेरे आले. एका रिळावर बारा चौकोनी चित्रे निघत. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर निर्बंध आल्याने रिळाची टंचाई पडे, आणि 1960 मध्ये उटीस हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाल्यावरही ती लागलीच मिटली नाही. अशा दिवसांत आहेर देणारा प्रत्येक पाहुणा फोटोसाठी थांबे, तेव्हा छायाचित्रकार नुसताच दिवा उडवी. या खाली फ्लॅशने पाहुण्याचा मान राही आणि यजमानाचे रीळही वाचे. यास लबाडी म्हणू नये. मोजक्या चित्रांत कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी व पाठवणी बसविण्याची जबाबदारी ज्याच्यावर, त्याने आणखी काय करावे?

या धंद्याची आर्थिक बाजूही पंचांगाने बांधलेली. तुळशीचे लग्न लागले म्हणजे हंगाम उघडे आणि आषाढात तो मिटे; चातुर्मासात दमट हवेने भिंगांवर बुरशी चढे आणि पेढीवर शाळांचे गट, परीक्षेच्या अर्जांचे लहान फोटो व मयताची बोलावणी यांवर प्रपंच चाले. विसार म्हणून मिळालेली रक्कम कागद व रसायनांतच जाई. लग्नाच्या दिवशी पहाटेपासून वरातीपर्यंत उभे राहायचे, पंगतीत जागा मिळाली तर शेवटची, आणि घरी येऊन लाल दिव्याच्या खोलीत हायपोच्या पाण्यात हात बुडवून पहाट करायची. काळ्या पानांचा, जाळीदार पातळ कागद घातलेला अल्बम तयार होई तोवर लग्नघरातील पैसा सरलेला असे, आणि बाकीच्या वसुलीस हेलपाटे घालावे लागत. पुढे व्हिडिओ व संगणकी कॅमेरे येऊन चित्रांची संख्या बाराची हजारांवर गेली. शेवटच्या पंगतीची आणि थकबाकीची रीत पुष्कळ ठिकाणी तशीच आहे.

कायद्यानेही छायाचित्रकारास फारसे दिले नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढविणारा ठरतो. छायाचित्रकाराजवळ उरे ती फक्त निगेटिव्ह. कोणी प्रत मागावयास येईल या भरवशावर तो गावातील लग्ने काचांच्या पेट्यांत, नोंदवहीच्या क्रमांकासह, जतन करून ठेवी. पुढच्या पिढीने जागेच्या अडचणीमुळे त्या काचा धुवून चौकटींसाठी विकल्या, आणि नोंदवह्या रद्दीत गेल्या. पेशवे दप्तरातील रुमालांसाठी ज्या महाराष्ट्राने एवढे परिश्रम घेतले, त्याने आपल्या सामान्य कुटुंबांच्या वेषभूषेची, दागिन्यांची, नात्यागोत्यांची व मंडपरचनेची तारीखवार साधने अशी जाऊ द्यावीत, हे मला क्षम्य वाटत नाही. ज्या पेढ्यांच्या माळ्यावर अशा पेट्या अद्याप शिल्लक असतील, त्यांच्या मालकांनी काच व वही यांची ताटातूट न करता त्या जवळच्या वस्तुसंग्रहालयास किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागास आधी दाखवाव्यात, आणि त्या संस्थांनीही काच कोणी काढली त्याचे नाव सूचीत प्रथम लिहावे.