विद्यार्थ्यांचीं सामाईक बिऱ्हाडें

धर्मग्रामाच्या महोत्सवी पुस्तिकेंत देवालयाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, इत्यादि वृत्तांत यावयाचा हा शिरस्ताच आहे. आणि तो वृत्तांत आमच्या सहकारी बंधूंनीं अन्यत्र दिलाहि आहे. आम्हीं मात्र देवालयाच्या मागें, चिंचेच्या झाडापलीकडे, जी बैठी पत्र्याची इमारत आहे तिच्या निमित्तानें चार शब्द लिहिण्याचें पत्करलें. जुनीं माणसें तिला अद्यापि ‘बोर्डिंग’ म्हणतात. एके काळीं वैजापूर व गंगापूर तालुक्यांच्या खेड्यांतून आलेलीं मुलें तेथें राहून या शहरांत शिकत. पुढें खेडोपाडीं शाळा निघाल्या, मुलें कमी झालीं आणि इमारतीस कुलूप लागलें. आज तींत मांडवाचे बांबू आणि नाताळचा गोठा ठेवलेला आहे.

गेल्या उपवासकाळांत आमच्याकडे कांहीं विद्यार्थी आले. कोणी विद्यापीठांत शिकणारे, कोणी सरकारी परीक्षेची तयारी करणारे. सारे खेड्यांतले, आणि सारे भाड्याच्या खोल्यांतून दाटीवाटीनें राहणारे. त्यांचें म्हणणें असें कीं, ती इमारत आम्हांस द्या. भाडें आम्ही देऊं, स्वयंपाक आम्ही करूं, हिशेब आम्ही ठेवूं. आपण महिन्यांतून एकदां वही पाहावी. धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळांत या मागणीवरून दोन तट पडले. एका वडील गृहस्थांनीं विचारलें, “फादर, पोरांच्या हातीं घर सोंपविल्याचें कोठें ऐकलें आहे काय?” प्रश्न प्रामाणिक होता. त्याचें उत्तर शोधतां शोधतां हा लेख झाला.

ऐकलें आहे, आणि तें फार जुन्या काळापासून. बोलोन्या येथील मध्ययुगीन विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे संघ आपला रेक्टर स्वतः निवडीत आणि अध्यापकांचें वेतनहि ठरवीत. त्याच नगरांत कार्डिनल आल्बोर्नोस यांच्या देणगींतून १३६४ सालीं स्पॅनिश विद्यार्थ्यांसाठीं जें वसतिगृह निघालें, तेथेंहि रेक्टर विद्यार्थ्यांतूनच निवडला जाई. पॅरिस येथें रोबेर द सोर्बों या धर्मगुरूंनीं सन १२५७ च्या सुमारास गरीब ईशज्ञान-विद्यार्थ्यांसाठीं घर उघडलें. सोर्बोन हें जगप्रसिद्ध नांव त्यांचेंच. तेथें प्रत्येकाच्या पोटापाण्यास आठवड्याची ठराविक रक्कम लागे. ज्याची ऐपत नसे त्यास ती मिळे, ज्याची असे तो ती भरी, आणि पंक्ति मात्र एकच. त्या रकमेस ‘बर्सा’ म्हणत, म्हणजे थैली. जर्मन भाषेंत तरुण गड्यास जो शब्द आहे तो याच थैलीपासून निघाला, असें भाषापंडित सांगतात. एका थैलींतून जेवणारा तो गडी. ही व्युत्पत्ति आम्हांस फार आवडते.

स्वयंपाकघराच्या कारभाराविषयीं मात्र सहाव्या शतकांतील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीइतका व्यवहारी ग्रंथ आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं. मठाच्या कोठाऱ्यानें भांडीं व हत्यारें हीं वेदीवरील पवित्र पात्रांसारखीं जपावीं, असें ते सांगतात. स्वयंपाकाची पाळी आठवड्याची. पाळी संपविणाऱ्यानें शनिवारीं पंचे धुवावेत, पाळी संपविणारा व घेणारा या दोघांनीं सर्वांचे पाय धुवावेत, आणि भांडीं कोठाऱ्याच्या ताब्यांत परत मोजून द्यावींत. पाय धुण्याबरोबर भांडीं मोजण्याचा नियम घालणारा हा संत सामाईक घरांत भांडण कोठें होतें हें पुरतें ओळखून होता.

आपल्याच नगरांत पाहावें, तर पाणचक्की आहे. प्रवासी तेथें हौदाचें पाणी व मासे पाहून परततात. पण अठराव्या शतकांतील ती चक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यांत राहणाऱ्या फकिरांसाठीं, वाटसरूंसाठीं व गोरगरिबांसाठीं पीठ दळीत असे. डोंगरांतून जमिनीखालच्या नळानें आणलेलें पाणी जातें फिरवी. दळणाचा प्रश्न सुटला कीं निम्में बिऱ्हाड चालतें, हें त्या सूफी साधूंच्या शिष्यांस कळलें होतें.

अर्वाचीन महाराष्ट्रांत वसतिगृहांची चळवळ कोल्हापुरांत सुरू झाली. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडलें आणि मागोमाग एकेका समाजासाठीं वसतिगृहें निघत गेलीं. महाराजांचा हेतु थोर होता. तरी प्रत्येक जातीचें छप्पर निराळें राहिलें, ही त्या व्यवस्थेची मर्यादा म्हणावी लागते. ती ओलांडणारा पुरुष अशाच एका वसतिगृहांतून बाहेर पडला. भाऊराव पाटील हे जैन कुळांतले, कोल्हापुरास शिकत होते. अस्पृश्य मुलांसाठीं निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर, स्नान केल्यावांचून पंक्तीस बसतां येणार नाहीं, असें त्यांस सांगण्यांत आलें. त्यांनीं स्नान नाकारलें, आणि त्या छपरास मुकले.

पुढें १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें मराठा, महार, मुसलमान, जैन असे सर्व मुलगे एका छपराखालीं राहत, आळीपाळीनें स्वयंपाक करीत, पाणी भरीत, जमीन खणीत. १९२७ सालीं गांधीजी तेथें आले आणि त्यांच्या हस्तें त्या घराचें ‘छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस’ असें नामकरण झालें. वर्षासन तुटपुंजें असल्यामुळें गांवोगांव फिरून धान्य मागावें लागे. एके दिवशीं घरांत दाणा उरला नव्हता. तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपलें मंगळसूत्र पुढें केलें, ही कथा साताऱ्याकडे सर्वमुखीं आहे. १९३० सालीं त्या निवर्तल्या. आमच्या धर्मसभेंत दात्यांच्या नांवांच्या संगमरवरी पाट्या पुष्कळ दिसतात. ज्यांनीं चुलीजवळ आयुष्य घालविलें त्यांच्या पाट्या फारशा दिसत नाहींत, हेंहि जातां जातां नमूद करावेंसें वाटतें.

मराठवाड्याची स्थिति याहून कठीण होती. निजामी राजवटींत उच्च शिक्षणासाठीं हैदराबादेस जावें लागे, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें. १९४८ सालीं हा प्रदेश मुक्त झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं येथें महाविद्यालय सुरू केलें. त्याच्या इमारतीची कोनशिला १९५१ च्या सप्टेंबरांत राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें बसली, आणि पुढें तें मिलिंद महाविद्यालय या नांवानें प्रसिद्धीस आलें. ज्या नागसेनवनांत तें उभें आहे तेथें वसतिगृहेंहि उभीं राहिलीं. कारण भूमिहीन मजुराच्या मुलास वर्गांत बाक देऊन भागत नाहीं, रात्रीं पाठ टेकण्यास जागा लागते. बाबासाहेबांस हें पूर्वींपासून ठाऊक होतें. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें १९२५ सालींच सोलापुरास वसतिगृह उघडलें होतें. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ निघालें आणि बीड, परभणी, नांदेडकडील मुलांचा ओघ या नगराकडे वळला.

हीं सारीं घरें थोर पुरुषांनीं काढिलीं. विद्यार्थ्यांनीं स्वतः काढून स्वतः चालविलेलीं घरें पाहावयाचीं तर समुद्रापलीकडे जावें लागतें. १९३३ सालीं अमेरिकेंत मोठी मंदी होती. बर्कली येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांजवळ खोलीचें भाडें उरलें नव्हतें. वाय. एम. सी. ए. चे चिटणीस हॅरी किंगमन यांच्या प्रोत्साहनानें चौदा विद्यार्थ्यांनीं एकत्र येऊन एक घर घेतलें. प्रत्येकानें ठराविक पैसे भरावे आणि शिवाय आठवड्यास कांहीं तास घरकाम करावें. कोणी भांडीं घासावीं, कोणी जिने झाडावे, कोणी बाजार करावा. त्या चौदांच्या घरापासून जी संस्था वाढली तींत आज हजाराहून अधिक विद्यार्थी राहतात. कॅनडांत टोरोंटो येथेंहि १९३६ सालीं असेंच घर निघालें. त्यामागें जपानी ख्रिस्ती सुधारक तोयोहिको कागावा यांच्या सहकारविषयक उपदेशाची प्रेरणा होती. किंगमन आणि कागावा दोघेहि प्रॉटेस्टंट. त्यांचें श्रेय त्यांस देण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

या घरांच्या घटनेंत तीन गोष्टी सारख्या आढळतात. राहणारा प्रत्येक जण मालक असतो आणि मत एकास एकच; नफा कोणाचा नसतो, उरलें तें घरांतच राहतें; आणि काम चुकविणाऱ्यास दंड होतो. हा तिसरा नियम कागदावर सोपा आणि अंमलांत सर्वांत अवघड. ज्याच्याशीं रात्रीं एका दिव्याखालीं वाचावयाचें, त्याचें नांव दुसऱ्या दिवशीं दंडाच्या यादींत लिहावयाचें, याला निराळें धैर्य लागतें.

आपल्या कॅथॉलिक समाजासहि हें सर्वस्वीं नवें नाहीं. वसईस मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांनीं १९१८ सालीं जी पतपेढी काढिली, तीच आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक. तेव्हां तेथील कुळंबी व कोळी बांधव सावकाराच्या वहींत अडकलेले होते. मुंबईंत धोबीतलावाकडील गोंयकारांच्या कुडी तर साक्षात् सामाईक बिऱ्हाडेंच. एकेका गांवाची एकेक कूड. बोटीवर चढण्यापूर्वीं व उतरल्यावर खलाशी तेथें उतरे, महिन्याची अल्प वर्गणी देई, भिंतीशीं आपली पेटी ठेवी. कारभारी मंडळ सभासदांनीं निवडलेलें, कोपऱ्यांत गांवच्या संताची वेदी, आणि संध्याकाळीं जपमाळ. ज्या वडील गृहस्थांनीं आम्हांस प्रश्न विचारला, त्यांचे वडीलहि अशाच एका कुडींत कांहीं दिवस राहिले होते, हें मागाहून त्यांच्याकडूनच कळलें.

कायद्याविषयीं एक खुलासा. सहकारी संस्थांचा पहिला कायदा हिंदुस्थानांत १९०४ सालीं झाला. आपल्या राज्याचा कायदा १९६० चा. त्याप्रमाणें नोंदणीस निरनिराळ्या कुटुंबांतील ठराविक संख्येचीं माणसें लागतात, आणि तीं करार करण्यास पात्र असावीं लागतात. विद्यार्थी अठरा वर्षांचे असले तरी दोन-तीन वर्षांत शिकून निघून जातात. सभासदांची यादी बदलतां बदलतांच चिटणीस थकेल. म्हणून नोंदणीचा खटाटोप तूर्त करूं नये, मालकी धर्मग्रामाकडे व कारभार मुलांकडे ठेवावा, असें आमचें मत झालें आहे.

आतां जें सांगावयाचें तें सांगण्यास आम्हांस थोडा जड जातें. सेमिनरींतून बाहेर पडल्यावर दुसऱ्याच वर्षीं एका खेड्यांतील बोर्डिंगची देखरेख आमच्याकडे आली. कोठीची किल्ली आमच्या कमरेस असे. वर्षाचा गहू एकदम घेतला तर स्वस्त पडतो म्हणून आम्हीं तो उन्हाळ्यांत घेतला. पण नीट वाळविला नाहीं, कडुनिंबाचा पाला घातला नाहीं, आणि पावसाळ्यांत त्यांत सोंडे झाले. आम्हीं तो गहू निवडून, चाळून तसाच दळविला आणि मुलांस कांहीं सांगितलें नाहीं. भाकरी-पोळ्या कमी पडूं लागल्या. मुलें आपसांत म्हणूं लागलीं कीं, फादर धान्य विकतात. तें खोटें होतें. पण वही आम्हीं कधींच उघडून दाखविली नसल्यामुळें तें खोटें कसें, हें दाखविण्यास आमच्याजवळ साधन नव्हतें. दिवाळीस घरीं गेलेल्या मुलांपैकीं चार परत आलीं नाहींत. त्यांतील एकानें पुढें शाळाच सोडली. ऊसतोडीस गेला, असें त्याच्या आईनें आम्हांस सांगितलें. गव्हाचें नुकसान कांहीं पोत्यांचें होतें. एका मुलास जरी कोठी पाहूं दिली असती, तरी सोंडे आम्हांआधीं त्यास दिसले असते.

या कारणानें, मुलांच्या अर्जावर आमचें मत काय, असें सल्लागार मंडळानें विचारलें तेव्हां आम्हीं तें अनुकूल दिलें. घर मोडेल ही भीति खरी आहे. पैशाचा घोळ होईल, कोणी भाडें थकवील, परीक्षेच्या दिवसांत चूल पेटणार नाहीं. हें सारें होईल असें धरूनच चालावें. मुलांनीं जो मसुदा केला आहे त्यांत बारा जणांची सोय आहे. कोठारी दर महिन्यास बदलेल, पण जुन्यानें नव्यास धान्य मोजून दिल्यावांचून नाहीं. खर्चाची वही दाराशीं खिळ्यास टांगलेली राहील. रविवारीं रात्रीं बैठक आणि तीपूर्वीं जपमाळ. दुसऱ्या धर्माच्या एका मित्रास घेण्याचीहि त्यांनीं परवानगी मागितली असून, त्यास जपमाळेची सक्ति नसावी, असें स्वतःच लिहिलें आहे. तो मसुदा वाचल्यावर मुलींकडूनहि अर्ज आला. त्यांची निकड अधिक आहे, हें आम्ही जाणतों. परंतु त्यांच्यासाठीं न्हाणीघर व कुंपण बांधावें लागेल, आणि तो खर्च धर्मग्रामापुढें स्वतंत्रपणें मांडावा लागेल.

निर्णय महोत्सवानंतरच्या पहिल्या रविवारीं, दुसऱ्या मिस्सेनंतर व्हावयाचा आहे. तोंपर्यंत मांडवाचे बांबू परत जातील. नाताळच्या गोठ्यासाठीं मात्र दुसरी कोरडी जागा पाहावी लागेल. ती कोणास ठाऊक असल्यास सभेपूर्वीं आम्हांस कळवावें.