डीएसएल राउटरची जोडणी
टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडसाठी (डीएसएल) घरी राउटर बसवण्याची पद्धत. भारत संचार निगमने ही सेवा २००५ मध्ये सुरू केली. तारेवर आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली आणि डेटा त्याच्या बराच वर वाहतो. म्हणून लाइनला आधी हे दोन्ही वेगळे करणारा स्प्लिटर लावून त्याच्या एका तोंडाला फोन व दुसऱ्याला राउटर जोडतात. दुसऱ्या खोलीतला फोन स्प्लिटरच्या आधीच जोडलेला असेल, तर खरखर येते व इंटरनेट तुटते. बिघाडात प्रथम हेच तपासावे. डीएसएलचा दिवा स्थिर झाल्यावर राउटरच्या सेटिंगच्या पानावर निगमच्या लाइनसाठी व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ हे आकडे, पीपीपीओई ही जोडणीची पद्धत आणि ग्राहकाचे युजरनेम-पासवर्ड भरतात. राउटरचा मूळ पासवर्ड त्याच बैठकीत बदलणे अत्यावश्यक. एडीएसएल२+ या डीएसएलच्या प्रकाराचा कमाल वेग सेकंदाला २४ मेगाबिट. एक्स्चेंज लांब असल्यास तो बराच घटतो.