स्वप्नातील जागेपण

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मध्य प्रदेशात असले आणि २०२३ पासून पांढुर्णा या स्वतंत्र जिल्ह्यात मोडत असले, तरी तेथील लोकजीवनात मराठी खोल रुजलेली आहे. सौंसर तालुक्यातील जामसावळीचा मारुती निजलेला आहे. भक्तांच्या नशिबी मात्र तशी झोप नाही. वारकरी वळणाच्या घरांत कार्तिकातील काकड्यासाठी रात्र सरण्यापूर्वीच उठावे लागते. आरती आटोपून पुन्हा अंथरुणास पाठ टेकली, की जे दिसते त्यास आपले लोक पहाटेचे स्वप्न म्हणतात व ते खरे होते असे मानतात.

ते खरे होते की नाही, हा वाद आम्हांस येथे घालावयाचा नाही. ते लक्षात राहते, एवढे निश्चित. १९५७ साली अमेरिकेत डिमेंट व क्लाइटमन यांनी निद्रितांस वेळोवेळी उठवून पाहिले. डोळ्यांची जलद हालचाल चालू असता उठविले, तेव्हा १९१ पैकी १५२ वेळा स्वप्न आठवले. एरवी १६० पैकी अवघे ११ वेळा. या प्रकारची निद्रा रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जाते. डच लेखक व वैद्य फ्रेडरिक व्हॅन ईडन याने १९१३ साली आपल्या ३५२ स्वप्नांचा वृत्तांत मांडला. ‘हे स्वप्न आहे’ असे भान असलेली ती सारी स्वप्ने त्यास पहाटे पाच ते सकाळी आठ या वेळातच पडली होती.

या प्रकाशात तुकोबांचे स्वप्नाचे अभंग पुन्हा वाचावेत, असे आम्हांस वाटते. अभ्यासकांनी माघ शुद्ध दशमी, गुरुवार या तिथीवरून दीक्षेचे वर्ष काढण्यात पुष्कळ शाई खर्चिली. पण बाबाजींनी भोजनास पावशेर तूप मागितले आणि स्वप्नातच आपणांस त्याचा विसर पडला, हे तुकोबा लपवीत नाहीत. गुरूंनी त्वरा का केली, याविषयी ते केवळ तर्क करतात. चमत्कार रचणारा मनुष्य तूप विसरत नसतो! कवित्वाच्या आज्ञेच्या अभंगात तर, नामदेवांनी आपणांस स्वप्नामध्येच जागे केले, असे ते सांगतात. टीकाकार हे जागेपण आध्यात्मिक मानतील, आणि ते चूक नव्हे. स्वप्न हे स्वप्न म्हणून ओळखल्याचे तुकोबा तेथे म्हणत नाहीत. म्हणून त्यांस व्हॅन ईडनच्या पंक्तीत बसविण्याची घाई आम्ही करणार नाही. तथापि सौंसर-पांढुर्ण्याच्या शिक्षकांनी येत्या कार्तिकात काकड्याहून परतलेल्या वृद्धांची स्वप्ने टिपून घ्यावीत, आणि जे विसरले असेल तेही विसरले म्हणूनच लिहावे.