बंदूक आणि कानस

बंदुकीचा इतिहास सांगतांना गोळी किती दूर जाते आणि बार किती जलद निघतो, याचेंच वर्णन बहुधा केलें जातें. परंतु यंत्रयुगाच्या आरंभीं बंदुकींत जी सर्वांत मोठी सुधारणा झाली, ती नेमबाजाच्या दृष्टीस पडणारी नव्हती, असें आम्हांस वाटतें.

चकमकीच्या बंदुकीच्या चापाचे घोडा, कमान, स्क्रू इत्यादि भाग कारागीर कानशीनें घांसून एकमेकांस बसवीत असे. म्हणून एका बंदुकीचा घोडा दुसरीस चालत नसे. रणांगणावर कमान मोडली, तर दुरुस्ती होईपर्यंत बंदुकीस लाठीचेंच मोल उरे. फ्रान्समध्यें ऑनोरे ब्लां यानें साचे व ठराविक मापें यांच्या योगानें हे भाग अगदीं एकसारखे घडविले. 1785 सालीं, अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसांत असलेल्या टॉमस जेफर्सननें मोकळ्या भागांतून हातास लागतील ते तुकडे घेऊन कांहीं चाप स्वतः जुळविले. ते बिनचूक बसले, आणि ही वार्ता त्यानें स्वदेशीं कळविली.

तेथें एली व्हिटनीनें 1798 सालीं दोन वर्षांत 10,000 बंदुका देण्याचा करार केला. त्या पुऱ्या होण्यास 1809 साल उजाडलें, आणि त्यांचे भाग परस्परांस बसत नाहींत, असें पुढील संशोधकांस आढळलें. कीर्ति मात्र त्यालाच लाभली! खरें यश हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यांत जॉन हॉल यास आलें. मागील बाजूनें भरावयाच्या आपल्या बंदुकीसाठीं त्यानें 1819 पासून भाग कापणारीं यंत्रें रचिलीं; 1834 सालीं दूरच्या मिडलटाउनांत सिमियन नॉर्थनें केलेले भागही तिला बसूं लागले.

या यशाची किंमत कोणी दिली? हार्पर्स फेरीचे कारागीर पूर्वीं आपल्या सोयीनें येत व नगावर मजुरी घेत. 1842 सालीं घड्याळाच्या ठोक्यांवर कामाचे तास बांधले गेले, तेव्हां त्यांनीं संप केला आणि कालव्यांतून नावेनें वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष टायलर यांजपुढें गाऱ्हाणें मांडलें. घड्याळ मात्र कायम राहिलें.

पुढें शिवणयंत्रांचे व सायकलींचे कारखाने याच पद्धतीनें वाढले. मोडलेला भाग बाजारांतून आणून बसविण्याचें सुख आपण सहज भोगतों. तें ज्या हातांतील कानस काढून घेऊन मिळालें, त्या हातांचें स्मरण इतिहासानें ठेविलें पाहिजे.