रंगमूल्य पडताळणी
संगणक आज्ञावलीस मिळालेले रंगाचे मूल्य वापरण्यापूर्वी ते वैध आहे की नाही हे तपासण्याच्या क्रियेस रंगमूल्य पडताळणी असे म्हणतात. लाल, हिरवा व निळा या प्रत्येक घटकाचे मूल्य सामान्यतः ० ते २५५ या मर्यादेत असते. त्यांच्या संयोगातून १,६७,७७,२१६ रंग मिळतात.

संकेतस्थळांच्या सीएसएस भाषेत हे मूल्य इंग्रजी अंकांतच लिहावे लागते. मराठी कळफलकावरून लिहिलेले '२५५' पायथॉन भाषेतील संख्यारूपांतर स्वीकारते. त्यामुळे केवळ मर्यादा तपासणाऱ्या पडताळणीतून ते निसटते. तोच मजकूर पुढे सीएसएसमध्ये गेल्यास न्याहाळक ती रंगसूचना वगळतो आणि अपेक्षित रंग दिसत नाही. म्हणून पडताळणीनंतर मूळ मजकुराऐवजी रूपांतरित संख्याच पुढे पाठविणे आवश्यक ठरते.