परसातील कुक्कुटपालन

परसातील कुक्कुटपालन म्हणजे घराच्या अंगणात वा परसात, मुख्यतः घरच्या गरजेपुरते, थोड्या संख्येने देशी कोंबड्या, बदके, टर्की इत्यादी पक्षी पाळणे होय. मुंबई उपनगरात दिंडोशीलगतच्या आरे दुग्ध वसाहतीतील आदिवासी पाड्यांमध्ये अशा कोंबड्या आजही दिसतात. शेजारीच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असल्याने तेथे खुराडे रात्री बंद ठेवणे ही केवळ शिस्त नाही. बिबट्या व मुंगूस यांचा वावर खराच असतो. केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागाचे केंद्रही आरे वसाहतीतच आहे.

देशी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते, तर व्यापारी संकरित कोंबडी सुमारे ३००. तरीही देशी कोंबडी खुडूक बसून २१ दिवसांत स्वतः पिल्ले उबवते व वाढवते. हा गुण व्यापारी जातींतून निवड पद्धतीने जवळजवळ नाहीसा केला गेला आहे. त्यामुळे देशी वाण गेले की दरवेळी पिल्ले विकत आणावी लागतात.

टर्की

टर्की मूळचा उत्तर अमेरिकेतील पक्षी. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्यातून खरेदी केलेला टर्की जहांगीर बादशहाकडे नेला आणि उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. टर्कीची अंडी २८ दिवसांत उबतात. पिल्ले पहिल्या दिवसांत खाद्य ओळखत नाहीत व भांडे समोर असूनही उपाशी मरतात. म्हणून बारीक चिरलेला पाला घालून त्यांचे लक्ष वेधावे लागते. टर्की व कोंबड्या एकत्र ठेवणे धोक्याचे असते. कोंबड्यांच्या आतड्यांतील जंतांच्या अंड्यांतून पसरणारा हिस्टोमोनास हा परजीवी कोंबडीला सहसा त्रास देत नाही, पण टर्कीचे यकृत निकामी करतो.

रोग

सर्वाधिक हानी राणीखेत अथवा मानमोडी या विषाणुजन्य रोगाने होते. एका साथीत संपूर्ण खुराडे रिकामे होऊ शकते. यावर औषध नाही. पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब टाकून लासोटा लस देतात. बर्ड फ्लूची भारतातील पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. बाधित क्षेत्रात व्यापारी पक्ष्यांबरोबर घरगुती पक्षीही नष्ट केले जातात, मग ते निरोगी दिसत असले तरी.