अँटिव्हायरसची खोटी घंटा: थोडा इतिहास आणि संशोधकासाठी एक धडा

मागच्या महिन्यात तेल्हाऱ्याहून एका ज्युनिअरचा फोन आला. एम.एस्सी. झालाय, पेट परीक्षेची तयारी करतोय. म्हणाला, "दादा, माहा प्रोग्राम अँटिव्हायरसनं गिळला ना! बंदच करून टाकू काय त्याले?"

त्याने पायथॉनमध्ये पर्जन्यमानाच्या आकडेवारीवर काम करणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. सरांच्या संगणकावर पायथॉन नाही म्हणून पायइन्स्टॉलर वापरून त्याची ईएक्सई फाइल केली आणि पेनड्राइव्हवर घेतली. दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्ह लावताच इशारा आला आणि फाइल क्वारंटाइनमध्ये गेली. पेनड्राइव्हबद्दल आणखीही एक इशारा होता, पण तो त्याने वाचलाच नव्हता. मी म्हटलं, थांब. आधी थोडा इतिहास ऐक.

१९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस मानतात. १९९० मध्ये भारतात 'जोशी' नावाचा व्हायरस सापडला. तो ५ जानेवारीला संगणक अडवायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला लावायचा! त्याच काळात पुण्यात कैलास काटकर यांचं दुरुस्तीचं काम सुरू होतं आणि व्हायरस लागलेले संगणक त्यांच्याकडे यायचे. धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच पुढे क्विक हील उभं राहिलं.

तेव्हाची पद्धत सोपी होती. व्हायरसच्या कोडमधला एक ठरावीक तुकडा, म्हणजे 'सिग्नेचर', घ्यायचा आणि प्रत्येक फाइलमध्ये शोधायचा. तुकडा नीट निवडला नाही तर तो निरपराध फाइलमध्येही सापडतो. यालाच फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. पुढे व्हायरस रूप बदलू लागले, तेव्हा 'संशयास्पद वागणूक' बघणारी ह्युरिस्टिक पद्धत आणि नंतर मशीन लर्निंग आलं. त्यामुळे नवे व्हायरस सापडू लागले, पण अंदाज आला की चूकही आलीच.

मोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीने विंडोजची 'युजर३२.डीएलएल' ही फाइलच ट्रोजन ठरवली. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधली 'एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई' व्हायरस समजून पकडली. संगणक पुन्हापुन्हा रीस्टार्ट होऊ लागले, नेटवर्क गेलं. सप्टेंबर २०१२ मध्ये तर सोफोसने स्वतःच्याच अपडेटरला संशयित ठरवलं!

मग अँटिव्हायरस बंदच करायचा का? तर नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर मालवेअरच्या मदतीने हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. घरात एकदा उगाच घंटा वाजली म्हणून कुणी दार सताड उघडं ठेवून झोपत नाही.

आता संशोधकाच्या कामाचा मुद्दा. समजा, १,००,००० चांगल्या फाइल आहेत आणि १० वाईट. तपासणी दहाही वाईट फाइल पकडते आणि चांगल्या फाइलमध्ये फक्त ०.१ टक्का चुकते. तरी १०० खोटे इशारे येतील. एकूण ११० इशाऱ्यांपैकी खरे फक्त १०. म्हणजे तपासणी उत्तम असूनही एखादा सुटा इशारा बहुधा खोटाच निघेल. पण कोणता खोटा, हे इशाऱ्यावर लिहिलेलं नसतं. इशारा म्हणजे निकाल नाही, ते एक गृहीतक आहे. ते तपासावं लागतं.

तपासायचं कसं?

१. इशाऱ्यातलं नाव वाचा. 'जेनेरिक' किंवा 'ह्युर' असं असेल तर तो बहुधा अंदाज आहे. विशिष्ट व्हायरसचं नाव असेल तर जास्त सावध व्हा.

२. डाउनलोड केलेली फाइल असेल तर तिचा एसएचए-२५६ हॅश मूळ संकेतस्थळावरच्या हॅशशी जुळवा. जुळला तर फाइल वाटेत बदललेली नाही एवढंच कळतं, ती निर्धोक आहे असं नाही.

३. व्हायरसटोटलवर अनेक अँटिव्हायरसचं मत एकत्र मिळतं. पण तिथे चढवलेली फाइल इतरांनाही मिळू शकते. अप्रकाशित डेटा चढवू नका, नुसता हॅश शोधा.

४. खात्री पटली तर फक्त त्या एका फाइलला सूट द्या, अख्ख्या ड्राइव्हला नाही. कंपनीला चूक कळवा आणि सगळं लॅब नोटबुकात लिहा.

ज्युनिअरला हेच करायला लावलं. प्रोग्रामवरचा इशारा 'जेनेरिक' होता. पायइन्स्टॉलरचा तोच सांगाडा व्हायरस लिहिणारेही वापरतात, म्हणून अशा फाइलवर संशय येतो. त्याने मूळ कोडवरून स्वच्छ संगणकावर फाइल पुन्हा तयार केली, हॅश लिहून ठेवला आणि सोबत कोडही दिला.

दुसरा इशारा मात्र खरा होता. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना पेनड्राइव्हमध्ये शॉर्टकट व्हायरस शिरला होता. मूळ फोल्डर लपवलेले आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट समोर. वैतागून अख्ख्या पेनड्राइव्हला सूट दिली असती, तर तो सरांच्या संगणकात आणि तिथून तीन वर्षांच्या आकडेवारीत गेला असता.

दोन इशारे, एक खोटा, एक खरा. दिसायला दोन्ही सारखेच. पुढे पीएच.डी.मध्ये निकालांचंही असंच होणार आहे, तेव्हा सवय आत्ताच लावून घ्या. तुमच्या फाइलचं असं काही झालं असेल तर इशाऱ्यातलं पूर्ण नाव लिहून कळवा, बघू मिळून.